बुसानच्या डोंगरावरचं घर

आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा मी रियाधला, अल मलाझ भागात, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. माझे साहेब कोरियन, बुसान शहरातले, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. साइट बंद होती, विमानतळही बंद. तरी आम्ही दोघं रोज ऑफिसात येऊन बसायचो.

एरवी अबोल माणूस, पण त्या रिकाम्या दिवसांत बोलायला लागले. कोरियाच्या युद्धात आईनं त्यांना, तान्ह्या लेकाला, पाठीशी बांधून बुसान गाठलं होतं. वडील गर्दीत मागे राहिले ते राहिलेच. निर्वासितांनी बंदर इतकं भरलं, की माणसं डोंगरावर चढली आणि खोक्यांच्या फळ्या, पत्रे ठोकून राहू लागली. पुढे खाली बंदराचे धक्के वाढले, बुटांचे कारखाने आले. आई त्यातल्याच एकात बुटांना तळ चिकटवायची. शेजारची घरं सिमेंटची झाली, मग इमारती उभ्या राहिल्या. जागा सोडायच्या नोटिसा आल्या. आई म्हणायची, "मी हलले तर तुझ्या बापाला घर कसं सापडेल?"

शेवटी साहेबांनीच समजूत घालून तिला फ्लॅटमध्ये नेलं. त्याला वर्षही झालं नव्हतं.

एका सकाळी त्यांच्या बायकोचा बुसानहून फोन आला. ते नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "आई गेली." मग, "विमान नाही."

"तुमच्यात काय करतात?" मी विचारलं.

"भात ठेवतात. नमस्कार करतात."

संध्याकाळी माझ्या बायकोनं मऊ भात करून दिला. ऑफिसात आम्ही ड्रॉइंग बोर्ड आडवा केला, भाताची वाटी त्यावर पूर्वेकडे, कोरियाच्या दिशेला ठेवली. साहेबांनी जमिनीला कपाळ लावून दोनदा नमस्कार केला. मीही केला. तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा वाजला. मी त्यांच्या हातात गॅस मास्क दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि तसेच बसून राहिले. मग मीही माझा चढवला नाही.

विमानं सुरू झाल्यावर ते गेले, महिन्यानं परतले.

"डोंगरावरचं घर पाहिलंत?"

"तिथून आता रस्ता गेलाय. नेमकं कुठे होतं, मलाही सांगता येईना." मग म्हणाले, "तिला हलवायला नको होतं मी."

मी चहा आणला. त्यांनी तो घेतला नाही.