बायनाबाईची काडी

हुरडा खाल्ला की दातात अडकतोच. माझ्याही अडकला होता. समोरच्या घोंगडीवर वाळल्या गवताची एक सुबक काडी पडलेली दिसली. मी ती उचलली, निवांत दात कोरले आणि कामगिरी फत्ते होताच सवयीनं तिचे दोन तुकडे करून टाकले.

लिंबागणेश गावच्या पारावरचे पाचही पंच ताडकन उठले. "मास्तर, काय केलं हे!"

ती काडी बायनाबाईची होती. त्यांच्या जातीत नवरा-बायकोनं वेगळं व्हायचं तर नवऱ्यानं पंचांसमोर काडी मोडायची. काडी मोडली की नातं मोडलं. मी निजाम सरकारच्या शाळेवर नवाच आलेला. शिकलेला माणूस म्हणून मला मानानं शेजारी बसवलेलं, आणि मी दातांनीच फैसला करून बसलो!

"ही मोडणी धरायची न्हाई," मुख्य पंच उत्तरेश्वर गरजले. "दुसरी काडी आणा. आन् आदी तकरार ऐकू."

बायनाबाई पदर खोचून उभी होती. वय पस्तिशीचं, कापूस वेचून बोटांना चिरा पडलेल्या. लेक उजवलेली, पोरगा नांगर धरणारा. नवरा सटवा खाली मान घालून बसलेला.

"सटवा मारतो का?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

"न्हाई."

"उपाशी ठिवतो?"

"न्हाई."

"मग गं?"

"अंथरुणात मला माणूस समजत न्हाई. न्हाई म्हणलं तरी ऐकत न्हाई. इतक्या वर्सांत, तुला बरं वाटतं का, म्हणून एकदा पुसलं न्हाई."

पंच आधी खोकले, मग हसले. "अगं, दोन लेकरं झाली की तुला," उत्तरेश्वर म्हणाले. "सुख नसतं तर झाली असती का?"

बायनाबाई अशी कडाडली की निंबावरचे कावळे उडाले. "रानात पेरलं की उगवतंच, दादा! बरं वाटलं का म्हणून रानाला कुणी पुसलंय? लेकरं मोजून माझं सुख मोजता व्हय?"

"मग कशानं मोजायचं? शेर-पायली हाय का त्याला?"

"हाय की! मी न्हाई म्हणलं तर त्यानं थांबावं. हो म्हणलं तर मलाबी गोड वाटावं. तुमच्या घरी हाय का असं? एकानं तरी उठून सांगा!"

मघाशी काडीसाठी उठलेल्या पाचांतला एकही उठला नाही. माझं डोकं तापलं. बैल घेताना त्याचे दात बघतील, खूर बघतील, चालवून बघतील. बाई स्वतःच्या तोंडानं सांगतेय तर यांचे कान जड! मी बोलायला तोंड उघडलं, तोच बायनाबाई माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमचं तर नवं लगीन. तुमी सांगा!"

मी माझ्या वहाणांकडे बघत राहिलो.

"घे," उत्तरेश्वरांनी नवी काडी सटवापुढे टाकली. "मोड, न्हाईतर हिला घरी घिऊन जा."

सटवाची नजर मी मोडलेल्या काडीच्या तुकड्यांवरून हलत नव्हती. "न्यायची कशी? एक मोडलीच की. मोडल्या काडीवर नांदलं तर घराला लागतं. माझा बैल मरंल!"

आणि त्यानं स्वतःच्या हातानं दुसरीही मोडली. बायकोच्या दुःखासाठी नव्हे, बैलासाठी!

बायनाबाई गाठोडं घेऊन निघाली. मी धावत तिला वेशीपाशी गाठलं. "सुटलात, बाई!"

"माझं कुणी ऐकलं? काडीचं ऐकलं," ती फणकारली.

ते खरंच होतं. तरी माझा पाय निघेना. घुटमळत म्हणालो, "पण बाई, आपल्या घरी बरं चाललंय की नाही, हे माझ्यासारख्यानं ओळखायचं तरी कसं?"

"मला कशाला पुसता? घरी जाऊन तिला पुसा."