सासऱ्यांच्या गुडगुडीतला विस्तव

सासऱ्यांच्या गुडगुडीतली खापरी मी कचरा समजून फेकून दिली. तेही लग्नानंतर त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो त्याच दिवशी.

आमचं लग्न रजिस्टर पद्धतीचं. सासरे मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. मी घाटावरचा, बांगडा ताटात आला की कुठून सुरुवात करावी हे न कळणारा. त्यांना हे स्थळ मान्य नव्हतं. लग्नाला आले नाहीत, आणि पुढे वर्षभर लेकीशी जेवढ्यास तेवढं आणि माझ्याशी अजिबात बोलले नाहीत. शेवटी सासूबाईंनी मध्ये पडून एका रविवारी आम्हाला मुलुंडच्या त्यांच्या चाळीत जेवायला बोलावलं. जिना चढताना बायकोने बजावलं, आज बाबांचं मन वळलं तर वळलं, तू गप्प बस आणि कशाला हात लावू नकोस. गप्प बसणं मला एक वेळ जमतं.

मला बघून सासऱ्यांनी मान हलवल्यासारखं केलं आणि पिशवी घेऊन ते मासे आणायला निघून गेले. मायलेकी आत खोबरं वाटत वर्षभराचं साठलेलं बोलत होत्या. बाहेरच्या खोलीत मी आणि कोपऱ्यातली गुडगुडी. खाली पाणी भरलेला काळाकुळकुळीत नारळ, बाजूला ओढायला भोक, वर उभी नळी आणि नळीच्या डोक्यावर मातीची चिलीम. अंघोळी उरकल्या की बंबातले करवंटीचे निखारे चिलमीवर ठेवून बाबा तासभर सुखात असतात, हे बायकोने सांगितलेलं होतं. म्हटलं, ते येईपर्यंत गुडगुडी तयार ठेवू. माणूस पाघळला तर इथेच पाघळेल.

चिलीम उपडी केली. राख पडली आणि रुपयाएवढा मातीचा काळपट तुकडा पडला. म्हटलं, काय ही अस्वच्छता. चिलीम घासली, नारळ धुतला, पाणी बदललं आणि तो तुकडा केरात टाकून टोपलीसुद्धा खाली कचराकुंडीत रिकामी करून आलो. नवा जावई किती कामसू आहे हे चाळीला दिसावं, असाही एक हेतू होता. मग गुळात मळलेली तंबाखू बरणीत लोणचं दाबावं तशी अंगठ्याने चिलमीत दाबली आणि बंबातले लालबुंद, अजून ज्वाळ धरलेले निखारे तिच्यावर रचले. ढीगच केला. विस्तव जास्त तर मजा जास्त, असा माझा हिशेब.

सासरे आले. गुडगुडीकडे बघून थबकले. कपाळावरची एक आठी कमी झाली, हे मी शपथेवर सांगतो. बसले, नारळ उचलला, एक झुरका घेतला. ‘गुड’ असा आवाज आला. दुसरा ‘गुड’ आलाच नाही. त्याऐवजी खोकला आला, तो थांबेना. डोळ्यांतून पाणी. गूळ करपल्याचा वास घरभर असा पसरला की सासूबाई धावत जाऊन आपली कढई बघून आल्या.

त्यांनी निखारे झटकून चिलमीत बोट घातलं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

“खापरी खंय?”

कसली खापरी, असं मी विचारल्यावर बायकोने कपाळाला हात लावला. सासूबाईंनी समजावलं: तंबाखू आणि निखारा यांच्यामध्ये ती खापरी असते. भाकरी तव्यावर भाजतात, चुलीत घालत नाहीत. बाबांची ती खापरी गावाहून आणलेली.

मी खाली जाऊन कचराकुंडीत हात घातला. गॅलरीत चाळ जमली. कामसू जावई आता सर्वांनाच दिसला. थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी वाकल्यासारखं वाटलं, सासरे होते. तेही शोधू लागले. जुनी खापरी काही सापडली नाही. मी फुटक्या कपाचं बूड पुढे केलं. “ह्या तडकतला,” म्हणाले, आणि भिंतीशी पडलेला मंगलोरी कौलाचा तुकडा उचलला.

नळाशेजारच्या दगडावर आम्ही तो आळीपाळीने घासून गोल केला. घासता घासता ते बोलू लागले. निखाऱ्याला घाई करायची नाही, अंगावर राखेची साय धरू द्यायची. तो मधोमध ठेवायचा नाही, कडेकडेने मांडायचा. तंबाखू मोकळी भरायची, म्हणजे वारा खेळतो. घशाला टोचलं तर एक निखारा कमी करायचा, धूर विरळ झाला तर राख झटकायची. सुरुवातीला ते मला ‘तुमी’ म्हणत होते. कौल अर्धं झिजलं तेव्हा “अरे, हळू घास” म्हणाले. मी मुद्दाम आणखी जोरात घासलं, पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून.

दुसरी चिलीम त्यांनी स्वतः भरली. पाणी एका लयीत गुडगुडू लागलं, करपटपणा गेला आणि गुळाचा मऊ वास खोलीत पसरला. आत मासे तळत होते. भिंतीला टेकून मी बसलो होतो आणि मला फार बरं वाटत होतं. चारपाच झुरके झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, नारळ हातांनी पुसला आणि माझ्यापुढे धरला. मायलेकी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. घरच्या माणसाशिवाय ही गुडगुडी ते कुणाला देत नाहीत, हे बायकोने मला पूर्वीच सांगितलं होतं.

मी भारावलो. निखाऱ्यांवर राख दिसत होती. वाटलं, विझत आलेत. आणि ओढायचं सोडून मी छाती भरून आत फुंकलं.

नारळातलं पाणी नळीतून वर चढलं. चिलीम चरचरली, निखारे विझले आणि गुळाचं काळं पाणी सासऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र बनियनवर उडालं. बायको किंचाळली. ते ऐकून शेजारच्या काकू दारात आल्या. आधी बनियन बघितलं, मग मला. “हो कोण?” त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी मिशीवरची राख पुसली.

“आमचो जावय,” ते म्हणाले. “अक्कल सोडून सगळा बरा आसा तेचा.”