मावशींचं अळू

कबनूरच्या यंत्रमागावरचं काम सोडून मी कोल्हापुरात प्लंबिंग शिकायला लागलो, तेव्हा माझे मिस्त्री माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते. "काका, टेप परत उलटी गुंडाळलीसा," हे दिवसभर ऐकायला लागायचं. आट्यांवर टेप उलटी बसली की नळ पिळताना ती सुटते आणि पाणी झिरपतं. माझं डोकं फिरायचं, पण टेप खरंच उलटी असायची.

एकट्यानं बसवलेला पहिला नळ एका मावशींच्या परसात. जुना कित्येक वर्षं गळत होता, माझ्या नळातून थेंबही पडेना. मी आठवडाभर ताठ मानेनं फिरलो.

मग मावशींचा फोन आला. "कसलं काम केलंसा? माझं अळू वाळलं की."

"मग पाणी घाला की, मावशी."

"आजवर घालाय लागलं न्हाय. आता का घालू?"

मिस्त्री हसू दाबत म्हणाले, "काका, जावा. पहिल्यागत गळंल असं करून या."

मी गेलो, नळ काढला आणि टेप मुद्दाम उलटी गुंडाळली. इतकं बिनचूक काम मी त्याआधी कधीच केलं नव्हतं.