भागाक्काचं माहेर

माझी आई दर मंगळवारी वाघजाईला जायची आणि देवीशी मोठ्यानं बोलायची. मनातल्या मनात पुटपुटणं तिला जमत नसे. नारळ, ओटी, नवस यांतलं काही तिच्याजवळ नसायचं. तेलाची वाटी, वात आणि परसातली दोन फुलं एवढं घेऊन ती माले गावाच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या झाडाखाली जायची. तिथं शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देवीचा बिनघडीव दगड, होता. दिवा लावून झाला की पदरानं घाम पुसत ती समोर बैठक मारायची आणि जावेशी बोलावं तशी सुरू व्हायची. "सखूची म्हैस आटली बग. सखूचा नवरा म्हणतोय कुनीतरी करणी केली. आगं, त्या म्हशीला पेंड कोण घालतं? म्हैस हाय का देव्हाऱ्यातली मूर्ती, नुसत्या उदबत्तीवर जगायला?" गावची सगळी बातमी अशी देवीच्या कानावर जायची. लहानपणी मी तिच्याबरोबर असे. एकदा मी विचारलं, "आये, तू देवीजवळ काय मागत का न्हाईस?" ती म्हणाली, "मागायला लई जणं येत्यात. तिला सांगायला कोण येतं?"

देवीशी तिचं नातंच वेगळं होतं. आईचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. ती परकरात होती तेव्हा मुळशीचं पाणी चढत चढत तिच्या गावाच्या वेशीपर्यंत आलं आणि माणसं उठली. माझ्या आजोबांनी देवीचा तांदळा घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतला आणि मालेच्या डोंगराकडेला जांभळीखाली ठेवला. भावकी पुढं पांगली, कोण कुठं गेलं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आईचं लग्न मालेतच झालं. त्यामुळं त्या सगळ्यांतून इथं दोघीच उरल्या, आई आणि देवी. "तीबी माझ्यासारकीच," आई म्हणायची, "पाण्यातनं उटून आलेली."

सणावाराला गावातल्या बायका माहेरी निघायच्या तेव्हा आई त्यांना वेशीपर्यंत पोचवायला जायची. मी तिला कधी हळहळताना पाहिलं नाही. उलट ज्या बाईला माहेर उरलं नव्हतं, किंवा असून नसल्यासारखं होतं, ती आपसूक आमच्या पडवीत यायची. माझ्या आईचं नाव भागीरथी. गाव तिला भागाक्का म्हणायचं. शिक्षण काही नाही, सही म्हणजे अंगठा. पण आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बायकासुद्धा डोंगर उतरून तिच्याकडं मन मोकळं करायला यायच्या.

तिची ऐकायची एक रीत होती. समोरची बोलत असताना ती मधे शब्द बोलत नसे, हुंकारसुद्धा देत नसे. सगळं सांगून झालं, रडून झालं, की विचारायची, "मग? तुजं काय म्हणणं हाय?" बाई गोंधळायची. ती विचारायला आलेली, आणि हीच उलट विचारते. पण जरा वेळानं ती स्वतःच काहीतरी बोलायची आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. एकदा नवीन लग्न झालेली एक पोर सासूच्या जाचाला कंटाळून पळून माहेरी जायच्या बेतात होती. आई म्हणाली, "जा की. पर सासूला सांगून जा. पळून गेलेली परत येती तवा तिची मान खाली आसती. सांगून गेलेली ताठ मानंनं येती." ती पोर सासूसमोर उभी राहून सांगून गेली. चार-आठ दिवसांनी सासू स्वतः तिला आणायला गेली.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की माझी आई जन्मतःच शहाणी होती. तसं नव्हतं. तिच्या शहाणपणातला मोठा भाग तिला फार महाग पडला होता.

माझा थोरला भाऊ महादू. आम्ही दोघंच भावंडं. तो अठराएक वर्षांचा असेल, मी सातवीत होते. आमच्याकडं भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात आणि त्यासाठी रानातून टहाळ तोडून आणावा लागतो. महादू आणि त्याचा जिवाचा मित्र गणपत दोघं टहाळ तोडायला गेले होते. महादूनं फांदी धरली होती, गणपतनं कोयता मारला, फांदी फिरली आणि कोयता महादूच्या नडगीवर बसला. गणपतनं त्याला पाठंगुळी घेऊन घरी आणलं. आईनं जखम धुतली, हळद भरली, देवीचा अंगारा लावला आणि फडकं बांधलं. जखम वरून सुकतही आली. आठवड्याभरात महादूचा जबडा आवळला. बैलगाडीनं पौड, तिथून एका ट्रकनं पुणं. दवाखान्यात डॉक्टरांनी धनुर्वात सांगितला. जखम झाली त्याच दिवशी सुई टोचली असती तर बरं झालं असतं, असंही ते म्हणाले. महादू पुण्याहून परत आला नाही.

दिवसकार्य झालं. पुढच्या मंगळवारी आई वाघजाईला जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती गेली. दिवा लावला, पण खाली बसली नाही. उभीच राहिली. मग म्हणाली, "म्हादू गेला. तुला ठावं हाय." आणि वळून घरी आली.

गावात कुजबुज सुरू झाली होती. त्या उन्हाळ्यात महादू आणि गणपतची कुस्तीवरून बाचाबाची झाली होती, म्हणून कोयता मुद्दाम मारला असेल, असं काही जण बोलू लागले. गणपत गोठ्यात जाऊन पडला. तो बोलेना, जेवेना. एक दिवस दुपारी त्याची आई चंद्रा आमच्या अंगणाच्या कुडाबाहेर येऊन उभी राहिली. आई अंगण सारवत होती.

"चंद्रे, भाईर का उभी? आत ये."

"कंच्या तोंडानं येऊ, आक्का?"

"हाय त्याच तोंडानं ये. दुसरं कुटनं आणशील?"

चंद्रा आत आली आणि खाली बसून रडायला लागली. "पोरगं अन्नाला शिवत न्हाई. काल दावं घिऊन रानाकडं चाललं व्हतं. मी पायाला मिठी मारली म्हणून थांबलं. मला कायबी सुचंना. तुज्याकडं यायची लाज वाटतीया, पर जाऊ कुटं?"

आईनं शेणाचे हात धुतले, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल गं शांते." माझी चुलती पडवीतून हे बघत होती. ती दारात आडवी आली. "ज्याच्या हातानं पोरगं गेलं त्याच्या दारात जातीस?"

"पोरगं माजं गेलंया," आई म्हणाली. "कंच्या दारात जायाचं ते मीच ठरवीन."

गोठ्यात गणपत भिंतीकडं तोंड करून पडला होता. आई त्याच्याजवळ जमिनीवर बसली. मी दारात उभी होते. मला तो नजरेसमोर नको होता.  मग तिनं विचारलं, "गणपा, म्हादूची जखम कुनी बांदली, ठावं हाय का?"

तो हलला नाही.

"मी बांदली. हळद भरली, अंगारा लावला. तुजा बाप म्हणला व्हता, पौडाच्या डाक्टरला दाखीव. मी म्हणलं, देवी बगून घील. देवीला कशाला दोस देऊ? तिनं मला घरात बस म्हणून कवा सांगितलं व्हतं?" ती त्याच्याजवळ आणखी सरकली. "तुजा हात घसारला. माजी अक्कल घसारली. तू जीव दिलास तर मलाबी द्यायला पायजेल. मग तुज्या आईकडं कोण बगायचं, आन हिच्याकडं कोण?"

गणपत उठून बसला आणि ढसाढसा रडला. आईनं त्याला गप्प केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसती बसून राहिली. त्याचं रडं ओसरल्यावर म्हणाली, "उद्या आमचा राब भाजायचाय. ह्यास्नी एकट्याला व्हायचं न्हाई. सकाळच्याला ये."

दुसऱ्या दिवशी तो आला. शेतात पसरायचा टहाळ महादू आणि गणपतनंच तोडलेला होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पण टहाळाचा भारा उचलायची वेळ आली तेव्हा त्यांनी एक बाजू धरली आणि दुसरी त्याच्यासाठी मोकळी ठेवली. गणपतनं ती धरली. त्या दिवसानंतर गावातली कुजबुज हळूहळू थांबली. ज्या आईचा मुलगा गेला तिच्याच शेतात तो राबतोय म्हटल्यावर बोलणार काय?

मला मात्र ते जमलं नाही. दिवाळीत भाऊबीजेला गणपत अंगणात आला तेव्हा मी आत निघून गेले. आई मागोमाग आली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "राग हाय तर आसू दे. राग पोटात ठिवून ओवाळू नगंस. ते देवीलाबी कळतं आन त्यालाबी." तो तसाच गेला. नंतर कितीतरी वर्षांनी, एका भाऊबीजेला, मी आपणहून ताम्हण घेऊन बाहेर आले.  निरांजनात तेल कमी आहे म्हणून आईनं आणखी थोडं ओतलं.

महादूनंतर तिच्या भक्तीत एक फरक पडला. अंगारा मागायला कुणी आलं की ती द्यायची, पण म्हणायची, "आदी पौडाला जा. देवी कुटं पळून जात न्हाई. दुखणं पळतं फुडं." एखादी घाबरली तर स्वतः तिच्याबरोबर पौडापर्यंत चालत जायची. कुणी म्हणालं की देवीचा कोप झाला, तर ती चिडायची. "आपली चूक देवीच्या नावावर घालू नगा. तिला आपली वज्जी कमी हायेत व्हय?"

सातवीनंतर मी चार-पाच वर्षं घरीच होते. मग पुण्यात नर्सचं शिक्षण मिळतं असं कळलं. मी आईला सांगितलं आणि आईनं आबांना. आबा म्हणाले, "परक्यांचं हागणंमुतणं काडायला पोरगी धाडू?"

"मी दोन पोरांचं काडलं," आई म्हणाली, "मी हलकी झाले का?"

आबांनी पुन्हा विरोध केला नाही. गाव मात्र बोलत राहिलं. मी निघाले त्या दिवशी आई एसटीच्या थांब्यावर आली होती. मी रडत होते. तिनं डोळे पुसायला सांगितलं नाही. म्हणाली, "सुई टोचताना आदी माणसाला नाव ईचार. कुनी नावानं हाक मारली की माणूस कमी भितं." पुढं नोकरीत मला खूप मोठमोठ्या माणसांनी खूप काही शिकवलं. त्यातलं बरंचसं विसरले. हे एवढं मात्र प्रत्येक रोग्यापाशी पाळलं आणि त्याचा उपयोग झाला नाही असं कधी घडलं नाही.

साठचं दशक संपता संपता तिच्या पोटात पाणी साठायला लागलं. मी तिला मी काम करत होते त्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन फार दिवस नाहीत असं सांगितलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. आबा आणि गणपत आलटूनपालटून मालेहून यायचे, येताना घरचा तांदूळ आणायचे. तोपर्यंत गणपत दोन मुलांचा बाप झाला होता.

तिच्या शेजारच्या खाटेवर वेल्ह्याकडची एक तरुण बाई होती, कमळ नावाची. तिचं बाळ जन्मतःच गेलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. आम्ही उठवलं तर उठायची नाही, भरवलं तर दोन घास घ्यायची. आई तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत असायची. मी जवळ गेले की दोघी थांबायच्या. मी विचारलं, "आये, काय बोलत आसतीस तिच्याशी?" आई म्हणाली, "बायकांचं आस्तंया काय काय."

एका सकाळी मी दुसऱ्या वॉर्डात कामावर असताना मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा आई गेली होती. चेहरा शांत होता. तिला मीच पुसून घेतलं, केस विंचरले, लुगडं सारखं केलं. इतक्या जणींचं केलं होतं, हात आपले चालत होते. सगळं झाल्यावर बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले आणि मग मला उठता येईना. माझ्याबरोबरीच्या नर्सेस येऊन गेल्या. मालेला निरोप धाडला होता.

थोड्या वेळानं भिंतीला हात लावत लावत कमळ बाहेर आली. ती आपल्या पायानं चालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ती बाकावर माझ्या शेजारी टेकली. दम लागला होता. तो बसल्यावर म्हणाली, "ताई, मला त्यांनी सांगून ठिवलंया. म्हणल्या, माजी लेक समद्यांच्या उशाशी बसती. मी गेले की तिच्याजवळ बसायला हितं कुनी नसंल. तेवडं तू बस."

मी तिच्याकडं वळून बघितलं.

"मी म्हणलं, आक्का, मला उटवत न्हाई," कमळ म्हणाली. "तर म्हणल्या, तवा उटशील."

दुपारी आबा आणि गणपत येईपर्यंत ती माझा हात धरून तिथंच बसून होती.