बंधाऱ्याची फळी

आसारामला राग येत नसे, तो त्याच्याकडे मुक्कामालाच होता. त्या दिवशी तर पहाटेपासून वस्तीभर फिरत होता.

पाथर्डीकडच्या त्या वस्तीतून दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक निघणार होता. एकदा ट्रक गेला की मागे उरायची म्हातारी माणसं आणि शेळ्या. ओढ्यावरच्या बंधाऱ्यात लोखंडी फळ्या बसवणार कोण? फळ्या बसल्या नाहीत की पाणी जायचं वाहून आणि उन्हाळ्यात टँकरमागे पळायचं. इतकी वर्षं आसारामही ट्रकवर चढताना “बंधारा सरकारचा हाय, सरकार बघंल,” असं छातीठोक सांगून जायचा. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला, तो मागे राहणार होता, आणि टँकरमागे पळायला तोच होता.

फळ्या कुठे गेल्या हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. त्या घरोघरी कामाला लागल्या होत्या. पुंजारामच्या शेळ्यांच्या गोठ्याला एकीचं दार झालं होतं.

“पुंजा, फळी काढ.”

“बंधारा सरकारचा हाय, नाना. सरकार बसवंल की.”

“मंग फळी कुनाची?”

“फळी माझी. माझ्या दाराला न्हाई का?”

आसारामने कपाळावर हात मारला आणि शेळ्यांच्या साक्षीने स्वतःच दार उपटलं.

भागूबाईने गटारावर फळीचा पूल केला होता. ती म्हणाली, “आधी आदिनाथची आना, मंग माझी न्या.” आदिनाथची फटफटी फळीवरून ओट्यावर चढायची. तो म्हणाला, “आधी मावशीची येऊ द्या.” आसाराम चार वेळा इकडून तिकडे गेला. गुडघे बोंबलायला लागले. शेवटी त्याने दोघांना समोरासमोर उभं केलं आणि लग्नात हार घालतात तशा एकाच दमात फळ्या उचलायला लावल्या.

दुपारपर्यंत सगळी वस्ती बंधाऱ्यावर जमली. खांबांच्या खाचांत फळ्या उतरल्या, मधे चिखल भरला. दोन खांबांमधला एक गाळा तेवढा उघडा राहिला आणि सगळं पाणी त्यातून खदाखदा हसत निघालं.

“एक फळी कमी हाय,” आदिनाथ हात झटकत म्हणाला. “म्हंजे सगळी मेहनत पान्यात. चला घरी.”

“कुन्या चोराच्या घरात हाय ती?” आसाराम गरजला.

भागूबाईने शांतपणे पदर खोचला. “तुमच्याच न्हानीत की. रंगुवहिनी तिच्यावर धुनं धुत्यात.”

“ती? ती माझी…” आसाराम बोलून गेला आणि थांबला.

“बोला की नाना,” पुंजाराम मिटक्या मारत म्हणाला, “कुनाची हाय?”

आसाराम घरी गेला. रंगुबाई न्हाणीच्या दारात उभी राहिली. “आधी धुन्याला दगड आना. त्याबिगार फळी हलायची न्हाई.”

मग हसून बेजार झालेल्या त्याच वस्तीने ओढ्यातला चपटा दगड उचलून न्हाणीत टाकला आणि फळी बंधाऱ्यावर नेली. संध्याकाळी पाणी थांबलं, मग हळूहळू चढायला लागलं.

सकाळी ट्रक सुटला. भांडीकुंडी, कोयते आणि कोंबड्यांच्या वरून पुंजारामचं डोकं बाहेर आलं.

“नाना, माझ्या फळीवर ध्यान ठेवा! कुनी नेली तर आल्यावर बघतो!”

“अरं, तुझी कशी?” आसाराम ओरडायला निघाला होता. त्याने तोंड मिटलं, काठी घेतली आणि चडफडत बंधाऱ्याकडे निघाला.