वांगीवाल्या अक्काचं बोलणं

आणीबाणीत धुळ्याच्या देवपुरात आम्ही सहा जण ऐकण्याचे प्रयोग करायचो. दोघे चित्रकलेचे मास्तर, बाकी माझ्यासारखे हौशी नाटकवाले. दर रविवारी दुपारी कुणालातरी बोलवायचं, त्याला पोटभर बोलू द्यायचं आणि मग आमच्यापैकी एकाने ते त्याच्याच बोलीत शब्दन्‌शब्द परत म्हणायचं. एक शब्द गाळला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी अहिराणीत विचारायचं, "हाई तुमनंच शे ना?" म्हणजे, हे तुमचंच आहे ना? तो हो म्हणाला की प्रयोग पुरा. सरकार कुणाचं ऐकत नाही, निदान आपण तरी ऐकू, एवढंच आमचं राजकारण. गल्लीतले चिडवायचे, "कान फुंकणारे पाहिले होते, कान देणारे आजच पाहतोय!" सहा जणांत मी सगळ्यात तयार होतो आणि मला त्याची घमेंड होती. तीन रविवार खिडकीखाली एक अनोळखी सायकल टेकलेली असायची. कुणाची, ते कुणी विचारलं नाही.

एका रविवारी दारोदार वांगी विकणारी अक्का बोलायला बसली. तिच्या गावात नसबंदीच्या कॅम्पसाठी पोलीस माणसं धरत होते. तिच्या धाकट्याचं अजून लग्नही व्हायचं होतं. "पोऱ्याले मामाना मळामा दपाडेल शे, अमळनेरकडे," ती हळूच म्हणाली. त्याला तिथे लपवलं होतं. मी सगळं परत म्हटलं. "हा, बठ्ठं मनंच शे," म्हणत तिने डोळे पुसले.

चार दिवसांनी मला चौकीवर बोलावलं. साहेबांनी चहा मागवला.

"तुम्ही म्हणे ऐकलेलं जसंच्या तसं म्हणता? मला नाही खरं वाटत. त्या वांगीवालीचं म्हणा बघू."

नाही म्हणायची छाती नव्हती. त्यात त्यांनी माझ्या कलेवर शंका घेतलेली. मी सुरुवात केली. मामाचा मळा जवळ येतोय हे कळत होतं, पण शब्द गाळायची सवय मी स्वतःच मोडून टाकली होती. साहेबांनी काहीही लिहून घेतलं नाही. "वा!" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मळ्यातून पोराला उचललं आणि कॅम्पात नेलं. तो परत आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

मी अक्काच्या घरी गेलो. भीती, चहा, साहेबांचा गोडवा, सगळी कारणं सांगत लांबलचक माफी मागितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझं संपल्यावर तिने माझंच बोलणं, माझ्या पुस्तकी मराठीत, पहिल्यापासून म्हणायला घेतलं. एकही कारण गाळलं नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, हाई तुमनंच शे ना?"