सुनेत्राचं चुकलेलं गाव

सुनेत्रा देवस्थळीने प्रवास पुष्कळ केला होता, पण तो सगळा नवऱ्याच्या पाठीमागून. तिकिटं सुमंत काढायचा, पासपोर्ट सुमंतच्या खिशात, हॉटेल सुमंतने ठरवलेलं. विमानतळावर तो पुढे झपाझप चालायचा आणि ही मागून, हातात दशम्यांची पिशवी घेऊन. आपलं विमान कोणत्या गेटवरून सुटतं, हे वाचायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये दोघं वर्षानुवर्षं राहत होते. एका दातांच्या दवाखान्याचा फ्रंट डेस्क तिने निम्मं आयुष्य सांभाळला. भेदरलेली मुलं आणि चिडलेले म्हातारे, दोघांनाही ती सारख्याच शांतपणे खुर्चीपर्यंत पोचवायची. रिटायर झाली तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला मात्र घरी करमेना.

तशात मुलीचा, अंतराचा, पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून व्हिडिओ कॉल आला. ती फिजिओथेरपिस्ट. मैत्रिणीबरोबर तीन आठवडे युरोपात पाठीवर सॅक टाकून फिरायचं ठरलं होतं आणि मैत्रिणीने नेमका पाय मोडून घेतला.

“आता सगळं कॅन्सल करावं लागणार. एकटीने मजा नाही येत यार,” अंतरा म्हणाली.

“मी येते,” सुनेत्रा म्हणाली.

शेजारी पेपर वाचणाऱ्या सुमंतने चष्मा वर केला. “अगं, ही मुलं होस्टेलमध्ये राहतात. एका खोलीत सहा-सहा जण.”

“राहू दे की. आमच्या माहेरी उन्हाळ्यात एका खोलीत अकरा जण झोपायचे.”

“आई, आर यू सिरियस?” अंतराने विचारलं. “गुडघ्याचं काय? आणि सूटकेस चालणार नाही हं. पाठीवर मावेल तेवढंच.”

सुनेत्राने अट पाळली. पण लिस्बनहून पॅरिसला निघताना, त्या स्वस्त विमानाच्या दारातल्या, सामान मोजायच्या लोखंडी मापात तिची सॅक काही केल्या बसेना. मागे रांग खोळंबली. सुनेत्राने सॅक उघडली, तीन कुडते एकावर एक चढवले, त्यावर स्वेटर, त्यावर सुमंतचं जाकीट, आणि मेतकुटाची बरणी खिशात कोंबून ती ढेरपोट्या सेनापतीसारखी विमानात शिरली. अंतरा हसून हसून बेजार. उतरल्यावर कळलं, की तिकिटावर पॅरिस लिहिलेलं असलं तरी विमानतळ शेतांच्या मधोमध आहे आणि शहर अजून तासाभराहून लांब. बसमध्ये घामाने निथळत सुनेत्रा एकेक कुडता उतरवत होती आणि पलीकडच्या आजीबाई प्रत्येक कुडत्याला मान डोलावून दाद देत होत्या.

प्रागच्या होस्टेलमध्ये तिच्या वाट्याला वरचा बंक आला. खालच्या दणकट ऑस्ट्रेलियन मुलाने आपली उशी वर टाकली आणि तो स्वतः वर चढून गेला. सकाळी तिने त्याला मेतकूट-भात खाऊ घातला.

खरी गंमत झाली म्युनिकहून निघाल्यावर. दोघींना डोंगरातल्या एका तळ्याकाठी जायचं होतं. गाडीत जागा मिळाली, आणि आपल्या डब्यातलं टॉयलेट बंद दिसल्यावर अंतरा मागच्या डब्यांकडे गेली. जाताना खांद्याची पर्स घेऊन गेली. त्याच पर्समध्ये सुनेत्राचा फोन चार्जिंगला लावलेला होता. वाटेत एका स्टेशनवर गाडी जरा जास्तच वेळ थांबली. जर्मनमधून काहीतरी घोषणा झाली. खटकन आवाज आला आणि गाडी सुटली. सुनेत्राने सहज मागे पाहिलं, तर मागचे डबे स्टेशनातच उभे! गाडीचे दोन भाग झाले होते. मागचा भाग तळ्याकडे जाणार होता, आणि पुढचा कुठे चालला होता ते सुनेत्राला ठाऊक नव्हतं.

दोन सॅक, एक बरणी, भाषा येत नाही, फोन नाही. शेवटच्या स्टेशनवर ती उतरली तेव्हा दुपार होत होती. छोटंसं गाव, मागे हिरवे डोंगर, समोर एक बेकरी. मग दवाखान्यात घाबरलेल्या पोरांना सांगायची तसं तिने स्वतःलाच सांगितलं, “आधी बसायचं, पाणी प्यायचं, मग बघू.”

बेकरीतल्या उंच, पिकल्या केसांच्या बाईंना मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. त्यांनी पाणी दिलं आणि फोन पुढे केला. पण अंतराचा नंबर कुणाला पाठ? सुनेत्राला पाठ होता तो एकच, हर्नडनच्या घरचा जुना लँडलाइन.

तिकडे नुकतं उजाडलं होतं. सुमंतने पहिल्याच रिंगला उचलला.

“कुठे आहेस तू?” तो जवळजवळ ओरडलाच. “अंतरा माझ्या मोबाइलवर आहे. रडतेय!”

“तिला सांग, मी ठीक आहे. बेकरीत बसलेय.”

सुमंतने एका कानाला लँडलाइन आणि दुसऱ्या कानाला मोबाइल धरला. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. गावाचं नाव सुनेत्राने एकेक अक्षर करून सांगितलं.

“अंतरा म्हणतेय, तू उलट्या गाडीने मागे ये, ती जंक्शनवर थांबते.”

सुनेत्राने काचेबाहेर पाहिलं. बेकरीमागून नदीचा आवाज येत होता.

“नको. तिलाच इकडे यायला सांग. मला हे गाव आवडलंय.”

सुमंत हळूच म्हणाला, “बरं. सांगतो.”

बेकरीवाल्या बाईंनी तिला गुडघा चोळताना पाहिलं होतं. हाताला धरून त्यांनी तिला मागच्या दाराने नदीवर नेलं आणि खुणेने सांगितलं, पाय सोड. पाणी बर्फासारखं. सुनेत्रा किंचाळली, मग हसली, मग सलवार गुडघ्यापर्यंत ओढून निवांत बसली. आपण कोण आहोत हे इथे कुणाला माहीत नाही, आणि तरी काही बिघडलेलं नाही, हे तिला फार नवं होतं.

अंतरा धावतपळत आली तेव्हा आई प्लमचा केक खात होती.

“आई! आय वॉज सो स्केअर्ड!”

“मीही घाबरले होते गं,” सुनेत्रा म्हणाली. “बस. पाय घाल पाण्यात.”

तळं राहूनच गेलं. त्या गावात त्या दोन दिवस राहिल्या, बेकरीवाल्या बाईंच्या बहिणीच्या माडीवर. परत आल्यावर हर्नडनच्या मराठी मंडळात सगळ्यांनी आयफेल टॉवरचं विचारलं, आणि सुनेत्रा भरभरून बोलली ती त्या नदीबद्दल.

यंदा वसंतात ती मैत्रिणीला, पद्मिनीला, घेऊन स्पेनला गेली. अंतराला सुट्टी नव्हती. तिकिटं सुनेत्राने काढली. ग्रॅनडाला जाणारी बस दोघींच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढच्या बसला बराच अवकाश होता. पद्मिनीने जरा कुरकुर केली. सुनेत्रा कोपऱ्यावरून संत्री घेऊन आली आणि स्टँडच्या बाकावर, उन्हाला पाठ करून, दोघी सोलत बसल्या.